वेग धरू नका, वेग रेटू नका : मलावष्टंभाचे शास्त्र आणि शहापूर-मुरबाडचे वास्तव

आजचा विषय कळल्यावर काही मित्रांनी आम्हाला विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बद्धकोष्ठावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्य नाही आणि इथे औषध सांगायला उभे राहिलेलो नाही. आम्हाला एक जुना ग्रंथ आपल्याबरोबर वाचायचा आहे, त्या ग्रंथाच्या नावाने आज जो विचार सर्रास चालतो तो तपासायचा आहे, आणि शेवटी खुद्द ग्रंथालाही एक प्रश्न विचारायचा आहे. ही समीक्षा आहे, दवाखाना नव्हे.

आणि ती शहापूर-मुरबाडच्या संदर्भातच करण्याला कारण आहे. हा औषधी वनस्पतींचा मुलूख. माळशेजच्या डोंगरात हिरडा आहे, रानात बहावा आहे, बांधाबांधावर एरंड आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठमोठ्या औषध कंपन्यांना पुरवली, ही बातमी कोरोनाच्या काळात देशभर गेली होती. म्हणजे औषधाचा कच्चा माल इथून जातो. पण इथल्याच किराणा दुकानात ‘पोट साफ’ करणाऱ्या चूर्णाचा डबा मुंबईकडून परत येतो आणि चांगला खपतो. जाताना वनस्पती जाते, येताना डबा येतो. या प्रवासात शास्त्राचं काय होतं, ते पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. मलावष्टंभ म्हणजे मल अधिक अवष्टंभ. अवष्टंभ म्हणजे अडणं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे आधार, टेकू. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, शरीरातल्या दोष-धातू-मलांची कामं सांगितली आहेत. तिथे पुरीषाचं, म्हणजे विष्ठेचं, काम काय सांगितलंय? अवष्टंभ. शरीराला टेकू देणं! आपल्याला नवल वाटेल, कारण मळ म्हणजे घाण, आणि घाण जितकी लवकर जाईल तितकी बरी, अशी आपली धारणा. आयुर्वेदाची तशी नाही. दोष, धातू आणि मल हे तिन्ही मिळून शरीराचं मूळ, असं तो मानतो. मळ वाढला तर रोग आणि घटला तरीही रोग.

चरक तर याच्याही पुढे जातो. राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, प्रकरणात तो बजावतो, की या रोग्याचे सगळे धातू झिजलेले असतात, त्याचं बळ मळावर टिकलेलं असतं, म्हणून त्याचा मळ जपावा. नीट ऐका हं. ज्या भागात कुपोषण आहे, क्षय आहे, तिथे अशक्त माणसाला ‘पोट साफ कर, बरं वाटेल’ म्हणून जुलाब देणं हे चरकाच्या मताविरुद्ध आहे. ‘सगळे रोग पोटातून, म्हणून पोट धुऊन काढा’ हे वाक्य आयुर्वेदाच्या नावावर खपतं खरं, पण ते आयुर्वेदाचं नव्हे.

आता मुख्य ग्रंथाकडे येऊ. अष्टांगहृदय साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं. एकूण 120 अध्याय, त्यातले 30 सूत्रस्थानाचे. मराठी घरांत ते गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’तून पोचलं. सूत्रस्थानाचा चौथा अध्याय आहे ‘रोगानुत्पादनीय’, म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नयेत म्हणून काय करावं, त्याचा अध्याय. तो सुरू कशाने होतो? एखाद्या वनस्पतीने नाही, पथ्यानेही नाही. तो वेगांनी सुरू होतो. वेग म्हणजे शरीराची नैसर्गिक हाक. वाग्भट तेरा वेग मोजतो : अधोवायू, मल, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमाने लागलेली धाप, जांभई, अश्रू, वांती आणि शुक्र. यातला कुठलाही वेग धरू नये.

मलाचा वेग धरला तर काय होतं, तेही तो सांगतो. पोटऱ्यांत गोळे येतात, पडसं होतं, डोकं दुखतं, वायू वर चढतो, गुदाशी कातरल्यासारखं दुखतं, छातीत जड वाटतं. यातलं पडसं आणि पोटरीचे गोळे आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाहीत, तो भाग सोडून देऊ. पण मूळ निरीक्षण पक्कं आहे. हाक आली असता दाबली, की मळ आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ कडक होतो, आणि वारंवार दाबलं की गुदाशयाची ती हाक ओळखण्याची सवयच मंदावते. आजचे डॉक्टरही हेच सांगतात.

पण वाग्भट एवढ्यावर थांबत नाही, आणि इथेच आपण बहुतेक जण वाचायचं थांबवतो. त्याच अध्यायात तो म्हणतो, की सगळे रोग दोन गोष्टींनी होतात : वेगांच्या धारणाने आणि वेगांच्या उदीरणाने. धारण म्हणजे आलेला वेग दाबणं. उदीरण म्हणजे न आलेला वेग बळाने आणणं, रेटणं. दोन्ही एकाच दमात, एकाच तागडीत. दिनचर्येच्या अध्यायातही तो वेगाला बळजबरी करू नका असं बजावतो.

आता डब्याकडे वळा. रोज रात्री झोपताना चमचाभर चूर्ण, सकाळी पोट साफ. हाक आली म्हणून नव्हे, तर हाक आणायची म्हणून. याला वाग्भटाच्या भाषेत काय म्हणाल? आम्ही तरी उदीरणच म्हणू. वेग धरू नका हे अर्धं वचन डब्याच्या कामाचं, ते ठेवलं. वेग रेटू नका हे उरलेलं अर्धं धंद्याच्या आड येतं, ते गाळलं. अर्धा श्लोक विकायचा आणि त्याला पाच हजार वर्षांचं शास्त्र म्हणायचं, ही आमची पहिली हरकत.

यावर कोणी म्हणेल, अहो, पण आयुर्वेदात विरेचन आहेच की! आहे. पण कसं आहे ते बघा. आधी काही दिवस स्नेहन, मग स्वेदन, रोग्याचं बळ पाहायचं, ऋतू पाहायचा, कोठा पाहायचा, मग विरेचन, आणि त्यानंतर पेजेपासून हळूहळू आहार वाढवायचा. तो एक ठरवून केलेला उपचार आहे. रात्रीचा चमचा नव्हे.

कोठा पाहायचा म्हणजे काय? कोठे तीन : मृदू, मध्य आणि क्रूर. कुणाचं पोट नुसत्या दुधानेही सैल होतं, तो मृदू. कुणाला जुलाबही दाद देत नाही, तो क्रूर, तिथे वायूचा जोर. म्हणजे एकच औषध, एकच मात्रा सगळ्यांना, ही कल्पनाच इथे बसत नाही. औषधांच्याही पायऱ्या आहेत. शार्ङ्गधराने त्या फार सुंदर लावल्या आहेत. अनुलोमन, म्हणजे मळ पचवून, त्याची गाठ सोडवून खाली नेणारं, उदाहरण हिरडा. स्रंसन, म्हणजे न पचता चिकटून राहिलेलं तसंच खाली सरकवणारं, उदाहरण बहावा. भेदन, म्हणजे घट्ट खडे फोडणारं, उदाहरण कुटकी. आणि रेचन, म्हणजे सगळं पातळ करून बाहेर काढणारं, उदाहरण निशोत्तर. सौम्यापासून तीव्राकडे अशा या चार पायऱ्या. यातली कुटकी तेवढी हिमालयातली. हिरडा आणि बहावा तर तुमच्या परिचयाचेच. चरकाने हिरड्याला सगळ्या पथ्यकर द्रव्यांत पहिला मान दिलाय आणि बहाव्याला सौम्य विरेचकांत.

आणि बाजारातल्या बहुतेक चूर्णांत जोर कशाचा असतो? सोनामुखीचा. डब्यामागची यादी चष्मा लावून वाचा. गंमत अशी, की चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहितांत सोनामुखी नाही. ती अरबी-युनानी वैद्यकाच्या वाटेने आपल्याकडे आली आणि पुढे आयुर्वेदाने ती आपलीशी केली. इसबगोलाचंही तेच. नावच फारसी आहे. अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान, बीज घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. दुसऱ्याकडून चांगलं घेतलं, यात आम्हाला काहीच वावगं वाटत नाही; ते जिवंत शास्त्राचं लक्षण आहे. पण मग डब्यावर ‘प्राचीन ऋषींचा योग’ असं मिरवू नये.

सोनामुखी काम करते, यात शंका नाही. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात आणि आतडं आकुंचन पावतं. आधुनिक वैद्यकातही ती वापरतात. तिने आतडं कायमचं आळशी होतं, असं पूर्वी ठामपणे म्हणत. ठरल्या मात्रेत घेतल्यास तसा पक्का पुरावा नाही, असं अलीकडचे तज्ज्ञ सांगतात. आपण तिच्यावर खोटा आरोप करायला नको. पण जास्त मात्रेत, फार दिवस घेतली तर पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. आणि खरा तोटा वेगळाच : डबा रोज काम करतो, म्हणून कारण शोधण्याची गरजच कुणाला वाटत नाही. थायरॉइड मंदावलेलं असो, वेदनाशामक गोळी असो की आतड्यातली गाठ, सगळं त्या चमच्याखाली झाकलं जातं. जाता जाता सांगतो, पावसाळ्यात तुमच्या परड्यात आपोआप उगवणारा टाकळा हा सोनामुखीच्याच कुळातला, शास्त्रीय नावातही दोघे एकाच गणातले. आषाढात टाकळ्याची भाजी खाणारी आजी त्याच घराण्याचा सौम्य प्रयोग करत होती. फरक एवढाच, की ती वर्षातून चार-सहा वेळा करायची, नागलीच्या भाकरीबरोबर.

इथवर आम्ही ग्रंथाच्या बाजूने बोललो. आता ग्रंथालाच प्रश्न विचारू.

वेग धरू नका, हे वाग्भट कुणाला सांगतोय? त्याच्या दिनचर्येच्या अध्यायातला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो ब्राह्म मुहूर्तावर उठतो, सावकाश शौचाला जातो, दात घासतो, अंजन घालतो, तांबूल खातो, अंगाला तेल चोळतो, व्यायाम करतो, आंघोळ करतो, छत्री-पादत्राणं घेऊन बाहेर पडतो. त्याची सकाळ त्याच्या मालकीची आहे. अशा माणसाने वेग धरला तर तो त्याचा निष्काळजीपणा, हे कबूल. चरकाने तर यासाठी मोठा अर्थपूर्ण शब्द दिलाय : प्रज्ञापराध. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणसाच्या हातून घडणारी चूक. वेग धरणं आणि वेग रेटणं, या दोन्हींची गणना शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधात केली आहे.

आता आपल्याकडे या. ब्राह्म मुहूर्तावर इथेही माणसं उठतात. आसनगावहून मुंबईची पहाटेची लोकल पकडणारी बाई चारला उठते, डबे करते, स्टेशन गाठते. पुढे सुमारे दोन तास ज्या गाडीत ती उभी असते, त्या गाडीला शौचालय नाही. मुरबाडच्या बाईला तर आधी एसटीने कल्याण, मग लोकल. हाक येते कधी? बहुधा सकाळी काही खाल्ल्यावर; पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल सुरू करतं, हा शरीराचा धर्म. नेमक्या त्या वेळी ती डब्यात दोन बायकांच्या मधे उभी. हा कुणाचा प्रज्ञापराध?

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर आडोसा नाही. बाई अंधार पडायची वाट बघते. दिवसा जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते, जेवणही आखडतं घेते. म्हणजे एका वेगासाठी ती तीन वेग मारते : मल, तहान आणि भूक. वाग्भटाच्या तेरातले तीन. आश्रमशाळेतली मुलगी घ्या. जिथे मुली पुष्कळ आणि चालू शौचालयं थोडी, तिथे सकाळच्या रांगेत नंबर येईपर्यंत प्रार्थनेची घंटा होते. तिला अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या देतात, त्या आवश्यकच आहेत. पण लोहाने मळ कडक होतो. पोट दुखतं, मग ती गोळी गुपचूप फेकते. रक्त कमीच राहतं. बघा, एका शौचालयाच्या रांगेपासून रक्तक्षयापर्यंत कशी साखळी लागते.

आणि पाणी. मुंबईला पाणी पाजणारं तानसा धरण 1892 सालचं, शहापूर तालुक्यातलं. भातसाही इथलंच. आणि याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. 2018 साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. संडास बांधले गेले. पण जिथे प्यायचा हंडा मैलभरावरून आणायचा, तिथे संडासात बादलीभर पाणी कोण ओतणार? मग तिथे सरपण ठेवलं जातं आणि बाई पुन्हा अंधाराची वाट बघते. या बाईला ‘भरपूर कोमट पाणी प्या, वेळेवर शौचाला जा’ हा सल्ला देणं म्हणजे उपचार नव्हे. ती चेष्टा झाली.

इथे आमचा मुद्दा नीट लक्षात घ्या. प्रज्ञापराध ही संकल्पना चुकीची आहे, असं आम्ही म्हणत नाही. अपराध ठरायला करणाऱ्याला दुसरा पर्याय असावा लागतो, हा नीतिशास्त्राचा पहिला धडा आहे. पर्यायच नसेल तर तो अपराध त्या व्यक्तीचा राहत नाही. मग तो कुणाचा?

याचं उत्तर चरकाकडेच आहे, आणि म्हणून आम्ही हा ग्रंथ टाकून द्यायला तयार नाही. विमानस्थानाचा तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय. प्रसंग असा : उन्हाळ्याचा शेवटचा महिना, गंगेचा काठ, आत्रेय शिष्यांबरोबर फिरताहेत. अग्निवेश विचारतो, की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी सगळ्यांना एकच रोग कसा होतो? केवढा मोठा प्रश्न आहे हा! आत्रेय उत्तर देतात, की सगळं वेगळं असलं तरी चार गोष्टी सामाईक असतात : वायू, उदक, देश आणि काल. त्या बिघडल्या की अख्खा जनपद आजारी पडतो. आणि त्या बिघडण्याचं मूळ? अधर्म. त्यातही देशाच्या, नगराच्या प्रमुखांनी धर्म सोडून कारभार करणं.

तो अध्याय साथीच्या, जीवघेण्या रोगांबद्दल आहे, बद्धकोष्ठाबद्दल नाही, हे आम्हाला मान्य आहे. आम्ही तिथला निष्कर्ष उचलत नाही, विचाराची रीत उचलतो. भट्टीवरची बाई, लोकलमधली बाई, आश्रमशाळेतली मुलगी. प्रकृती तीन, आहार तीन, कोठे तीन, आणि तक्रार एक. तर कारण तिघींच्या पोटात शोधायचं की त्यांच्या सामाईक पाण्यात, जागेत आणि वेळेत? उदक, देश, काल. चरकाचे चारांतले तीन शब्द इथे तंतोतंत लागू पडतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की शहापूर-मुरबाडमधला मलावष्टंभ आपण चुकीच्या अध्यायात वाचतो आहोत. प्रज्ञापराधाच्या अध्यायातून तो जनपदाच्या अध्यायात हलवला पाहिजे. तिथे पहिलं औषध हिरडा नव्हे, तर पाणी असलेला, कडी लागणारा संडास हे आहे.

याचा अर्थ व्यक्तीने काहीच करू नये असा नव्हे. ज्याची सकाळ त्याच्या हातात आहे, त्याने वाग्भट पाळावा. हाक आली की हातातलं काम सोडून उठावं, जेवणानंतरची वेळ राखावी, तासभर बसून कुंथू नये. नागली, वरई, रानभाज्या, कडधान्यं ताटात परत आणावीत. आणि रोज एकदा झालंच पाहिजे, हा धसका सोडावा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतका फरक निरोगी माणसांत असतो. त्रास नसेल तर तो रोग नाही. दुसऱ्या बाजूने, मळात रक्त, न कळत घटणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, पोट फुगून वायूही न सरणं, या गोष्टी दिसल्या तर चूर्ण नको, काढा नको, सरळ रुग्णालय गाठा. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला घरच्या घरी रेचक देऊ नका. पूर्वी रविवारी सकाळी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून एरंडेल पाजत. ती आठवण गोड असेल, पण तेही उदीरणच होतं.

शेवटचा मुद्दा. वेगांच्या त्याच अध्यायात वाग्भट आणखी एक गोष्ट सांगतो. शरीराचे वेग धरू नका, पण काही वेग मात्र सतत धरून ठेवा : लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर, आसक्ती. शरीराची हाक ऐकायची आणि मनाच्या हावेला आवर घालायचा. आपण नेमकं उलट केलं आहे. गरिबाच्या शरीराचे वेग धरायला लावले, आणि बाजाराचा लोभाचा वेग मोकाट सोडला. मग त्याच गरिबाला वेग आणण्याचं चूर्ण विकलं. दिनचर्येच्या अध्यायात वाग्भट असंही म्हणतो, की ज्याला उपजीविका नाही, जो व्याधीने किंवा शोकाने पिडलेला आहे, त्याच्या मदतीला शक्तीनुसार धावून जावं. हे वाक्य त्याने धर्मग्रंथात नाही, वैद्यकाच्या ग्रंथात लिहिलंय. ते आपण उपचाराचा भाग म्हणून वाचायला हवं. ग्रामसभेत पाण्याचा ठराव मांडणारा, आश्रमशाळेत चालू संडास किती आहेत ते मोजून विचारणारा माणूस या अर्थाने वैद्यकच करत असतो.

आम्ही इथे थांबतो. समोर वैद्यही बसलेत, आशाताईही बसल्यात. आमच्या वाचनातलं जे त्यांना खटकलं असेल, ते त्यांनी आधी विचारावं. प्रश्नोत्तरांना सुरुवात करू या.